नरहर सरायच्या फियाटले डिस्क ब्रेक

सिंदी मेघेत माह्यं ग्यारेज आहे. दर गुरुवारी सकाळी साडेनवाले त्याच्यासमोरून एक आटो जाये, अन् आटोच्या मागं जुनी फियाट. आटोत शरयूकाकू, फियाटीत एकटे त्याईचे मिस्टर, नरहर सर. काकूले गुडघ्याच्या शेकासाठी सेवाग्रामच्या दवाखान्यात जा लागे. पहिले लोकं हासत. मंग सवय झाली.

झालं असं, का चार वर्षांमागं सरायनं गाडी नाल्याच्या पाण्यातून काढली. चारही चाकाले ड्रम ब्रेक. ड्रमात पाणी शिरलं का ब्रेक धरत नाई, गाडी कोणाची बी असो. फाट्यावर सरायनं पाय दाबला, अन् गाडी सरळ तुरीच्या वावरात! कोणाले खरचटलं बी नाई. काकू तुरीतून चालत बाहेर आल्या अन् म्हणाल्या, "मी या गाडीत आता बसत नाही." सैपाक, बोलणं-चालणं सारं बराबर, फक्त गाडी नाई.

सर सायन्सचे रिटायर मास्तर. पोरगी इला पुण्याहून फोनवर सांगे, बाबा, विकून टाका. सर म्हणत, "तुझी आई एकदा बसू दे, मग बघू."

यंदा ते माह्याकडे आले. "कैलास, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसव. त्यात पाणी साचत नाही."

"महिना जाईन सर."

"जाऊ दे."

सव्वा महिना गेला. भंगारातून डिस्क अन् तिले चिमट्यावानी धरणारे कॅलिपर आणले, ते बसवाले लेथवाल्याकडून पट्ट्या करून घेतल्या. सारं बसलं, त रिम कॅलिपरले घासे. डोकं सरकलं माह्यं! मोठ्या रिमा आणल्या. सर रोज स्टुलावर बसून मले घर्षण समजावून सांगत. वीस वर्षांपासून ब्रेक करून राह्यलो मी बाप्पा, अन् मले घर्षण!

गाडी तयार झाली तशी काकूले मैदानात बोलावलं. त्याईनं पहिलंच विचारलं, "ब्रेक कोणी बसवले?"

"मी, काकू."

"मग समोर तूच उभा राहा."

काकूले नाई म्हणता येते काय? साठ पावलांवर जाऊन उभा राह्यलो. सर निघाले, अन् चाळीस पावलं बाकी होती तं गाडी उभी. काकू म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त सर पहिला गियरच सोडत नाई.

"सर, या नं जोरात!" मी वरडलो. भीती लय वाटून राह्यली होती, पण कामाची इज्जत त्याच्यापेक्षा मोठी.

सरायनं खिडकीतून डोकं काढलं. "जमत नाही रे. समोर माणूस आहे."

काकू त्याईच्याकडे पाहतच राह्यल्या. मंग मले म्हणाल्या, "चार वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशी यांना काही वाटलंच नाही. सरक तू."

सरकलो. काकूनं गुडघा सांभाळत दार उघडलं अन् सरायच्या बाजूले बसल्या. "आता घ्या जोरात."

सरायनं गाडी पळवली अन् गोलपोस्टच्या अलीकडे पाय दाबला. गाडी जाग्यावर उभी, जराही इकडेतिकडे ओढली नाई. मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

मंग गाडी तिथंच. दोन मिनिटं, पाच मिनिटं. काही बिघडलं काय, म्हणून पळत गेलो. सर स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडून राह्यले होते, अन् काकूचा हात त्याईच्या पाठीवर.

"काय झालं काकू?"

"काही नाही. ब्रेकवरचा पाय काढत नाहीयेत."