ढगावरचं इंद्रधनुषी कडं

काल कॅमेऱ्याची जुनी बॅग उघडली आणि त्या दमट वासाने मला वीस वर्षांपूर्वीच्या डोळखांबच्या डोंगरावर नेलं. पाड्यावरच्या सोनीमावशी वाट दाखवायला आल्या होत्या. पाठीशी कोवळं ऊन होतं, समोर दरीभर ढग. त्या ढगावर आमच्या सावल्या पडल्या आणि माझ्या सावलीच्या डोक्याभोवती इंद्रधनुष्यासारखं गोल कडं उमटलं! श्वास रोखून मी फोटो काढला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर मावशींना दाखवला.

"तुज्या डोक्याभवती? नाय रे, मला तं माज्या डोक्याभवती दिसतंय!"

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी आयुष्यातला पहिला फोटो काढला. त्यात खरंच कडं त्यांच्याभोवती होतं. माझी सावली नुसती काळी. जो बघतो, त्याच्याच सावलीभोवती कडं!

तेव्हा मी माझाच फोटो मोठा करून घेतला होता. आज भिंतीवर मावशींनी काढलेला आहे.