तीन घावण्यांचं गाणं

मला भर मांडवात हरवणाऱ्या बाईला जाऊन आज वर्ष झालं.

मी आयुष्यभर भाषणं केली. मोर्चात, सभागृहात, पार स्मशानातसुद्धा. समोरच्याला गप्प बसवणं हा माझा धंदाच.

विजूने मला गप्प बसवलं तेव्हा आम्ही दोघं बारावीत होतो. मुलुंडला, एकाच बिल्डिंगमध्ये. ती तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या.

ऐंशीचं दशक. तिचा मामा बोटीवर नोकरीला. त्याने एक टेपरेकॉर्डर आणला आणि एका ब्रिटिश बँडची कॅसेट. सिंथेसायझरवाली, केसांना रंग लावलेली पोरं. विजू वेडी झाली.

दीड वर्षाने मामाने त्याच बँडची दुसरी कॅसेट आणली. ग्रेटेस्ट हिट्स. बारा गाणी.

ती ऐकायची, आणि गॅलरीत उभी राहून मला निकाल द्यायची.

"सालाप्रमाणे लावलीत रे गाणी. पहिल्या गाण्यात चार पोरं आणि एक मशीन. बाराव्यात वीस वाजंत्री, आणि पोरांचा पत्ताच नाही."

"म्हणजे वाईट?"

"आठ झकास. तीन ठीक. शेवटचं नुसतं कॅसेट खपवायला घातलंय."

"सगळाच कचरा आहे गं."

"तू ऐकलंस?"

"कचरा ऐकावा लागत नाही."

हा माझा तेव्हाचा बाणा. पुस्तकं खूप वाचली होती, कान कधी उघडले नव्हते.

त्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळाने अभिरूप न्यायालय ठेवलं. आरोपी: ही कॅसेट. आरोप: परकी, अर्थहीन आणि तरुण पिढीची वाट लावणारी.

फिर्यादीचा वकील मी. बचावाला विजू. न्यायाधीश तळमजल्यावरचे नाडकर्णीकाका. जन्मभर कोर्टात शिरस्तेदार होते, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायची संधी पहिल्यांदाच मिळत होती. बायकोची काळी शाल पांघरून आले.

सगळ्यांना ती गंमत वाटत होती. विजूला नाही.

कारण तिच्या वडिलांनी, तात्यांनी, सकाळीच सांगितलं होतं, "हरलंस तर टेप मामाक परत. माका घरात शांतता व्हयी."

तात्या गिरणीची नोकरी जाऊन घरी बसलेला माणूस. शब्द मोडत नसे.

मी पंचवीस मिनिटं बोललो. परकीय आक्रमण, मातृभाषा, बाजारू संस्कृती. "या बिल्डिंगीत एकाला तरी या गाण्यांचा अर्थ कळतो का?" टाळ्याच टाळ्या. तात्या पहिल्या रांगेत, सगळ्यात जोरात.

विजू उठली. कागद नाही, काही नाही.

"माझी साक्षीदार, माझी आई."

मी उसळलो. "हरकत आहे! साक्षीदाराला इंग्रजी येत नाही!"

नाडकर्णीकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "गाण्यांना अर्थच नाही, असं आपणच आत्ता म्हणालात. मग इंग्रजी कशाला लागतं?"

मांडव कोसळला हसून.

काकू पदर खोचून पुढे आल्या. विजूने विचारलं, "आई, ही कॅसेट कशी आहे?"

"खोटी आसा."

मी हसलो. साक्षीदार माझ्याच बाजूची!

"खोटी कशी?"

"माका इंग्लिश कळना नाय, पण तवो कळता. तां टुंगटुंग वाजता ना, तां गाणा. पयल्या कॅसेटीत त्या गाण्यात माझे तीन घावणे होत होते. ह्या नव्या कॅसेटीत दोनच होतत. तिसरो तव्यार असतानाच गाणा संपता."



विजू न्यायाधीशांकडे वळली. "काल आईने हे सांगितलं, तेव्हा मी दोन्ही कॅसेटी लावून बघितल्या. एक अख्खं कडवं कापलंय. मधलं नुसतं वाजवणंही. सर्वात चांगलं गाणं, आणि तेच कापलं. माझी मागणी आहे, दोषी ठरवा. पण परकी म्हणून नको. ज्या माणसाने वर 'ग्रेटेस्ट' लिहिलं आणि आतून कात्री चालवली, त्याला दोषी ठरवा."

बचावाचा वकील शिक्षा मागत होता! मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. पंचवीस मिनिटांत मी कॅसेटबद्दल एकही गोष्ट बोललो नव्हतो, आणि एका बाईने तव्यावरून सगळी कॅसेट ओळखली होती.

नाडकर्णीकाका उभे राहिले. शाल सावरली.

"गाणी निर्दोष. कापणारा दोषी. शिक्षा म्हणून मूळ गाणं मंडळाच्या कर्ण्यावर पूर्ण वाजवावं. आत्ता."

सगळे तात्यांकडे बघायला लागले.

तात्या उठले. जिन्याकडे निघाले. अर्ध्या वाटेवरून ओरडले, "गो विजू, ती पयली कॅसेट खय ठेवलंस?"

माणूस तीन मजले चढून ती घेऊन आला.

त्या संध्याकाळी आख्ख्या गल्लीने ते गाणं ऐकलं. कडव्यासकट. जिथे कापलं होतं ती जागा आली तेव्हा काकूंनी बोट वर केलं, "ह्या!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भाषणाला मिळाल्या त्याहून मोठ्या.

नंतर मी तिला गाठलं. "कापल्याचं लपवलं असतंस तर?"

"हरले असते. तू भारी बोललास रे."

"आणि सांगून हरली असतीस तर? टेप गेला असता ना?"

"गेला असता. पण खोट्याची बाजू घेऊन टेप वाचला असता, तरी तो ऐकणार कसा, यार?"

चाळीसेक वर्षं मी हे वाक्य जपून वापरतोय. एखाद्याचं 'निवडक' हातात आलं की आधी विचारतो, काय कापलं? पुढाऱ्यांची भाषणं असोत, संतांची वचनं असोत. छाटून सभ्य केलेलं काहीही मी मुकाट्याने गिळत नाही. लोक म्हणतात, बाणेदार माणूस. बाणा तिचा आहे. मी फक्त माइक धरतो.

आज सकाळी तिच्या घरी गेलो. तिच्या लेकीने आजीचा तवा गॅसवर ठेवला होता, शेजारी घावण्यांचं पीठ. मी फोनवर गाणं लावलं. मूळ, अख्खं.

तिने पहिला घावणा घातला. दोघं तव्याकडे बघत बसलो.

तीन झाले.

निकाल कायम आहे, विजू. तुला सलाम.