बरणीतल्या दोन जाती

आमचे हे, देवाजी, कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. अकरा वर्षं झाली तरी तात्पुरते! दर एप्रिलात नोकरी सुटे, जुलैत पुन्हा लागे. चौऱ्याहत्तर साली घरात एकच ध्यास होता, नोकरी कायम व्हावी. शिफारस लिहिणार होते तिथले प्राध्यापक मुकुंद सर, अन् सरांचा सारा जीव पाखरांत. रंगीत फुलपाखरं नव्हे जी, कुजलेल्या पाल्यात राहणारे मातकट पतंग, घरात आले तर आपण झाडूनं झटकतो तसले. ह्यांनी खाप्याले जाऊन, कन्हानच्या काठच्या आमराईतला पाला चाळून ते धरून आणायचे, टाचणीवर चढवायचे, अन् सरांनी खुर्चीत बसून त्यायले नाव द्यायचं.

सरांनी एका प्रजातीत, म्हणजे पाखरांचं एक घराणं म्हणा, दोन नव्या जाती काढल्या. एकीच्या पुढच्या पायाले केसांचे झुपके, दुसरी साधी. झुपकेवालीले प्राचार्यांचं नाव दिलं, साधीले सरांच्या आईचं. सर म्हणाले, "देवाजी, लेख छापून आला का तुझ्या शिफारशीवर सही." आता पाहा, जात सोडायले आमची लाखो माणसं छप्पन साली दीक्षा घेऊन आली, अन् हे साहेब नव्या जाती काढून राहिले! तरी मी म्हटलं, काढू द्या. आपल्याले सही मिळाली का झालं.

पण आमचे हे! सुटीच्या महिन्यांत हातपाय स्वस्थ बसतील तर शपथ. खाप्याहून एक साधं पाखरू जिवंत आणलं अन् माझ्या लोणच्याच्या बरणीत ठेवलं. इकडं कैऱ्या चिरून ठेवलेल्या! त्यानं अंडी घातली, अळ्या निघाल्या, वाळका पाला खाऊन गलेलठ्ठ झाल्या. हे रोज पाला बदलत, वरून पाणी शिंपडत. आमचा लेक रविंद्र तान्हा होता तेव्हा ह्याच्या अर्धं केलं असतं तरी मी धन्य झाली असती. जुलै लागता लागता बरणीत सत्तावीस पाखरं झाली, तेरा झुपकेवाली, चौदा साधी.

"कांता, पाहून राहिली का वं? एकाच मायची लेकरं. ह्या दोन जाती नाहीत, हे तर नर अन् मादी होय!"

"मंग सोडून द्या खिडकीतून. साहेबाची जात तुम्ही पुसली तर सही कोण करते?"

"चुकीचं लेबल माझ्याच हातानं टाचणीले लावू? रोज पंचशील म्हणतो ना मी?"

असा संताप आला मले! पंचशील मीही म्हणते, पण बरणीचं झाकण लावून.

बरणी घेऊन गेलेच. सरांनी आधी दार लावून घेतलं, मंग लेख छापखान्यातून परत मागवला. चार महिन्यांनी नवा छापून आला. आता जात एकच. आईचं नाव गेलं, प्राचार्यांचं राहिलं. "आमच्या प्रयोगशाळेत अंड्यापासून वाढवून हे सिद्ध केले," असं त्यात होतं. ह्यांचं नाव कुठंच नाही, माझ्या बरणीचंही नाही. कुठून कुठून पत्रं आली, सरांचा सत्कार झाला. तरी सरांनी शब्द पाळला बरं. शिफारस लिहिली, त्यात 'प्रामाणिक' हा शब्द दोनदा टाकला.

मंग समिती बसली. प्राचार्य, हेडक्लार्क भैय्याजी अन् मुकुंद सर. प्राचार्यांनी विचारलं, "अकरा वर्षांत विशेष काम काय केलं?" मुकुंद सर टेबलावरचा कागद सारखा करू लागले. हे म्हणाले, "पाला बदलला, साहेब." खोटं थोडीच होतं ते! भैय्याजींनी लिहून घेतलं, विशेष काम नाही.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "काहून सांगतलं नाही जी, का पाखरं आपल्या घरी वाढली?"

"अवं, प्रयोगशाळेत वाढवली हे खोटं निघालं असतं, तर लेखावर कोण भरोसा ठेवते? म्हणले असते, बाकीचंही खोटंच असंल. मंग त्या पाखरांच्या पुन्हा दोन जाती झाल्या असत्या."

मले रागानं रडूच आलं, अन् हे माझ्याकडं असे पाहून राहिले का जशी मीच काही समजत नाही. सकाळी डबा बांधून दिला. हे साडेआठले निघाले, तात्पुरत्यांच्या मस्टरवर सही करायले. तशी सही पुढं आणखी बारा वर्षं केली.