एसएमबी-वनचा चार्ज

वरून आदेश आला. संगणकांतली 'एसएमबी-वन' नावाची जुनी फाइल शेअरिंगची सोय बंद करा, तिच्यातून व्हायरस घुसतो. काम किरकोळ होतं. चौकटीतली बरोबरची खूण काढायची आणि संगणक बंद करून चालू करायचा. साहेब मला, म्हणजे कंत्राटी ऑपरेटरला, म्हणाले, "शुक्रवारपर्यंत झालं नाही तर तुमच्या मुदतवाढीवर मी सही करणार नाही." मुदतवाढ म्हणजे माझी नोकरीच. चंद्रपुरात दुसरीकडे कुठे चिकटणार, या विचारानेच मला घाम फुटला. उन्हाचा होता तो वेगळा.

पण आमच्या कार्यालयात आस्थापनेच्या बाईंना विचारल्याशिवाय पंखासुद्धा बंद होत नाही. ऊर्जानगरहून येणाऱ्या या बाईंना सगळे नियम तोंडपाठ.

"बंद करून राह्यला, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "त्याचा चार्ज कोण घेऊन राह्यला?"

"बाई, ते माणूस नाई."

"काम तं करते ना?"

"करते."

"मंग चार्ज दिल्याबिगर कसं जाईन? इथी शिपाई रिटायर झाला तं झाडूचाही चार्ज देते."

मला आधी हसू आलं, मग संताप आला. म्हटलं, "तेवढ्यात व्हायरस आला तं?"

"आला तं बसव त्याले बाकावर."

साहेबांकडे गेलो. तेही बाईंना वचकून. म्हणाले, "त्या म्हणतात तसं करून टाका."

शुक्रवारी सभागृहात एका खुर्चीवर संगणक ठेवला, समोर मी. या एसएमबी-वनचं काम तरी काय, याची चौकशी झाली. तळमजल्यावरचं जुनं झेरॉक्स मशीन कागद स्कॅन करून वर आमच्याकडे पाठवायचं, ते याच्याच जोरावर. बाकी काही नाही. "आजपासून सदर काम माझ्याकडे" असं लिहून मी सही केली. चहा-चिवडा झाला. मग खूण काढली.

खालचं मशीन त्याच क्षणी मुकं झालं. पेनड्राइव्हवरही त्याच आदेशाने बंदी. तेव्हापासून खालचे कागद मी स्वतः वर आणतो आणि वरच्या छोट्या स्कॅनरवर एकेक करून घेतो. जिना चढताना बाईंना मनात शिव्या घालायचो.

मार्चअखेर दुसरा आदेश आला. कंत्राटी माणसं कमी करा. साहेबांनी माझी फाइल बाईंपुढे सरकवली. मी दारात उभा.

बाईंनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "याले सोडता नाई येत साहेब. याच्याजवळ एसएमबी-वनचा चार्ज आहे. घेणारा कोण आहे?"

साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी जिन्याकडे पाहिलं. साहेबांनी फाइल परत घेतली.

"उभा काऊन आहेस?" बाई मला म्हणाल्या. "जा, खालचे कागद घेऊन ये."

तो जिना इतक्या आनंदाने मी कधीच उतरलो नव्हतो.