टॉवेलाखालचा सौदा

चिंचोळी एमआयडीसीच्या वाटेवर जुन्या गाड्या फोडणाऱ्यांची आवारं आहेत, त्यातलं अगदी कडेचं मीनाबाईचं. नावाला ते तिच्या नवऱ्याचं, नवनाथचं. पण इंजिन उतरवायला, गिअरबॉक्स खोलायला ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून त्याच्या बरोबरीनं राबलेली. तळहाताच्या रेषांत वंगण कायमचं मुरलं होतं. पूर्वी लग्नकार्याला जाताना ती लिंबू चोळून चोळून ते काढू बघायची, मग तिनं तो नाद सोडला. मंद्रूपचा कुणी जीपच्या स्प्रिंगचा पाटा शोधत आला की बाकीचे आवारवाले खुर्चीतूनच ढिगाकडे बोट दाखवायचे. मीनाबाई पदर खोचून स्वतः ढिगावर चढायची.

गेल्या उन्हाळ्यात नवनाथला लकवा झाला. उजवा हात गेला, पाय गेला, आणि आवाराचाही गळा आवळला गेला. कारण या बाजारात गाडीचा सौदा टॉवेलाखाली होतो. गुरांच्या बाजारातली ही रीत इथं कुणी आणली कुणास ठाऊक. गाडी विकायला आली की दलाल पीरसाब खांद्यावरचा टॉवेल हातावर पसरतो, आणि घेणारा एकेक जण त्याखाली उजवा हात घालून पीरसाबची बोटं दाबतो. बोटांवरून भाव कळतो, तो पीरसाबलाच. विकणाऱ्याला कळतो फक्त शेवटचा, पीरसाब सांगेल तो. आता परक्या पुरुषाच्या हातात असा झाकून हात देणं बाईला शोभत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. इंजिनाखाली उताणी पडलेली बाई त्यांना चालत होती, डोक्यावरून लोखंड वाहणारी चालत होती, टॉवेलाखालची तेवढी चालत नव्हती. काय ती अब्रूची काळजी!

नवी गाडी येईना, तसं आवार रिकामं होत गेलं. शेजारचा कल्लप्पा रोज चहा पाठवायचा आणि जागा कधी सोडताय म्हणून मायेनं विचारायचा. ती माया मीनाबाईच्या डोक्यात जायची.

दसऱ्यानंतर मंगळवेढ्याचा अजिनाथ नोंदणी रद्द केलेली जुनी जीप ओढून घेऊन आला. इंजिन गेलेलं, पण बाकी सगळं शाबूत, आणि गिऱ्हाइकं तर अशाच जीपच्या सामानासाठी वणवण फिरत होती. ही गाडी मिळाली तर आवार तरेल, नाहीतर दिवाळीला दारावर कल्लप्पाची पाटी लागेल, हे मीनाबाईला स्वच्छ दिसत होतं.

सगळे जीपभोवती जमले. तीही जाऊन उभी राहिली. पीरसाबनं टॉवेल काढला, तिच्याकडे बघितलं आणि परत खांद्यावर टाकला. कल्लप्पा म्हणाला, वैनी, घरातला कुणी बाप्या पाठवा, नाहीतर माझ्या भावाला सांगतो तुमच्या वतीनं हात घालायला. लोक हसले. नवनाथ आवाराच्या दारात, गाडीतून काढलेल्या एका सीटवर बसून ऐकत होता. त्याची मान खाली गेली. ती खाली गेलेली मान बघितली आणि मीनाबाईचं टाळकंच सरकलं.

तिनं पीरसाबच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्या टॉवेलानंच जीपच्या बोनेटवरची धूळ पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आपला भाव सांगून टाकला.

"हात झाकायला मी काय चोरी केलीया? ज्याला माज्यापरीस जास्त द्यायचं हाय, त्यानं हितं उनात, तोंडानं बोलावं की."

पीरसाब चाचरत म्हणाला, अशी रीत नाही. पण अजिनाथ पुढे झाला.

"माज्या बापानं हितंच टेम्पो इकला. कोण किती देत हुतं, मरंस्तवर कळलं न्हाय त्याला. आता बाई बोलतीया तसंच बोला समद्यांनी."

सगळे कल्लप्पाकडे बघू लागले. त्याला जास्त द्यायचं होतं, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. पण आज तो उघड बोलला असता, तर उद्यापासून प्रत्येक गाडीवाल्यानं उघड भाव मागितला असता, आणि टॉवेलाखाली आजवर मिळत आलेली चंगळ संपली असती. त्यानं तोंड मिटून घेतलं. ते बघून बाकीच्यांनीही मिटलं. जीप मीनाबाईची झाली.

गाडी घेतली की मालकानं तिथल्या तिथं पहिला नट खोलायचा, हाही या बाजारातला रिवाज. तो मात्र मीनाबाईनं पाळला. नवनाथला धरून जीपपाशी आणलं, त्याच्या डाव्या हातात पाना दिला. त्या हाताला जोर पुरेना, तेव्हा तिनं आपला हात त्यावर ठेवला. सगळ्या बाजारासमोर, उघड्यावर. नट करकरला आणि सुटला. नवनाथ रडत होता, आणि त्याची मान वर होती.

त्याच्या बोटांना लागलेलं काळं वंगण तिनं त्याच टॉवेलानं सावकाश पुसलं, टॉवेलाची नीट घडी घातली आणि पीरसाबच्या हातात दिली. तो बिचारा डागाकडे बघतच राहिला.

"लिंबू चोळून बगा," मीनाबाई म्हणाली. "जायचं न्हाय पर. मी लई चोळून बगितलंय."