हवाबंद डब्यातली मटकी
बाळांनो, आंबूस वास आला की मला ती मटकी आठवते. मिसळीसाठी भिजवलेली मटकी मी स्वच्छता म्हणून फडक्यात बांधण्याऐवजी हवाबंद डब्यात ठेवली. दोन दिवसांनी एकही मोड नव्हता. स्वयंपाकाच्या बाईंनी चांगली मटकी घरी नेऊन तिच्या जागी जुनी, मोड न येणारी ठेवली, असा मला संशय आला आणि तसं मी तोंडावर बोललेही. त्या कडाडल्या, "आवो बाई, मटकी जित्ती हाय की! नाक दाबून ठेवल्यावर मोड कुठनं येनार?" खरंच होतं. दाण्यातल्या अन्नातून पुरेशी ऊर्जा काढायला पेशींना ऑक्सिजन लागतो; तो नसला की दाणा वाढत नाही, आंबतो. मी माफी मागितली. तरीही आजही त्या बाई घरी जाताना आपली पिशवी माझ्यापुढे उघडून दाखवतात.