खाली न ठेवलेला गोटा

दसरू मडावी शेवटी चालायचा.

पाहुण्यांना रान दाखवायच्या पानवाटेवर जेवढे लोक येत, ते सगळे वाटाड्या हेमराजच्या मागे आणि दसरूच्या पुढे. पुढचा बोलायचा, मागचा पाहायचा. कोणाच्या चपलेचा पट्टा तुटला, कोणी मोराचा फोटो काढता काढता मागे राहिलं, की दसरू तिथंच थांबे. ते माणूस चालू लागलं की मग हा पाऊल उचले. या कामात बोलावं लागत नव्हतं, म्हणून ते त्याला जमलं.

आधीची सारी उमर त्यानं जंगल खात्याच्या रोजंदारीत काढली. आग पसरू नये म्हणून जाळरेषा कापणं, रोपवनाचे खड्डे खणणं, आग लागली की हिरव्या डहाळ्यांनी झोडपून ती विझवणं. खड्डा सांगितला तेवढा खोल झालाच पाहिजे, अशी त्याची खोड. कडेला मोकळी माती रचून खोली दाखवणारे गडी त्यानं पुष्कळ पाहिले. साहेबाला फसवता येतं, रोपाला येत नाही, एवढं तो म्हणायचा आणि पुढचा खड्डा खणायला घ्यायचा.

हेमराज हा त्याच्या बायकोचा, मंगलीचा भाचा, तिच्या भावाचा मुलगा. म्हणून तो मंगलीला फुफू म्हणायचा आणि दसरूला फुफाजी. आई लहानपणीच गेल्यामुळे तो फुफूच्याच घरी जेवून मोठा झाला. पुढे मुन्नारकडे एका हॉटेलात कामाला लागला. तिथं पाहुण्यांना संध्याकाळी चहाच्या मळ्यातून पायी फिरवत, वाटेत जुना बंगला, जुना कारखाना दाखवत आणि शेवटी चहा पाजत. हेमराज तिथं कपबशा धूत होता, पण डोळे उघडे ठेवून धूत होता. गावी परतला तो हे डोक्यात घेऊनच. आपल्याकडे चहा नाही, पण पान तर आहे, असं त्यानं ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. म्हाताऱ्यांनी आधी चेष्टा केली. तेंदूपत्ता तोडताना कंबर मोडते, ते पाहायला कोण येडा येईल, असं विचारलं. पण नागपूरहून लोक आले, रायपूरहून आले, गोंदियाचे तर दर रविवारी येऊ लागले.

ऊन कललं की गावातून निघायचं. आधी तेंदूच्या पानांचे पुडे वाळत घालतात ती फडी. मग मालगुजारीच्या काळातल्या तलावाची पाळ. पुढे छप्पर उडालेला इंग्रजांच्या वेळचा जंगल-नाकेदाराचा बंगला. तिथून नाला ओलांडून चढ चढायचा, खिंडीत उभं राहून कचारगडच्या बाजूचे डोंगर पाहायचे, आणि उतरून दसरूची मुलगी दिव्या हिच्या अंगणात कोरा चहा प्यायचा. दिव्या गावातच दिलेली. सगळ्या फेरीत एकच जागा अशी होती, जिथं पाहुणे आपणहून गप्प होत. खिंडीच्या अलीकडे वाटेच्या कडेला गोट्यांचा एक ढीग होता. तो मंगलीचा.

काही वर्षांपूर्वी पानाच्या दिवसांत मंगली तिथं वाघाच्या तोंडी गेली. दसरू खालच्या उतारावर पानं तोडत होता. वर कवळं पान आहे म्हणून ती पुढं गेली. त्यानं हाक मारली तेव्हा ओ आली नाही. तो वर गेला तेव्हा पानं सांडलेली होती. याच्यापुढचं तो कोणाला सांगत नसे आणि कोणी विचारतही नसे.

या डोंगरपट्ट्यात रीत आहे. वाघानं मारलेलं माणूस लवकर सुटत नाही, वाघाच्या डोक्यावर बसून रानभर फिरतं. ते मेलं त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यानं गोटा ठेवायचा. ढीग वाढत जातो तसं ते माणूस खाली उतरतं आणि आपल्या पूर्वजांत जातं. गोटा नाल्यातून उचलायचा आणि चढावर कुठंही खाली न टेकवता आणायचा. टेकवला तर तो बाद. परत नाल्यात जाऊन दुसरा उचलायचा. असं का, ते म्हातारे सांगत नाहीत. सांगण्यासारखं त्यात काही नाहीच. ज्यानं चढावर ओझं वाहिलं आहे त्याला ते कळतं.

दसरू यावर विश्वास ठेवत होता की नाही, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. लोकांना वाटे, बुढा आतल्या आत रडत असेल. तसं काही नव्हतं. आत पाहिलं तर धान काढून नेलेल्या ढोलीसारखं मोकळं होतं. भाजीत मीठ आहे की नाही, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नसे. पण काम ते काम. फेरी नाल्याशी आली की तो वाकून एक गोटा उचली, पोटाशी धरी आणि सगळ्यांच्या मागून चढ चढे.

पहिल्या हंगामात पाहुणेही नाल्यातून गोटे नेत. हेमराज रीत नीट समजावून सांगायचा. पोरं हट्टानं मोठे गोटे उचलत आणि अर्ध्या वाटेत आईकडे देत. पुष्कळांचे गोटे वाटेतच टेकत. दसरू ते ओलांडून पुढं जाई, त्याला हात लावत नसे. दुसऱ्याच्या कष्टाची भरपाई करता येत नाही. जे पोचत ते ढिगावर गोटा ठेवून आधी दम खात. तोंडाला घाम असे, हात लाल झालेले असत.

मग तक्रारी येऊ लागल्या. एका बाईचा पाय मुरगळला. एका साहेबानं मोबाईलवर लिहिलं की वाट सुंदर आहे, पण पाहुण्यांकडून हमाली करून घेतात. हेमराजनं ते मनाला लावून घेतलं. पुढच्या हंगामाच्या आधी त्यानं खदानीतला फोडलेला गोटा ट्रॅक्टरनं मागच्या वाटेनं वर नेला आणि ढिगापासून हाताच्या अंतरावर ओतला. आता पाहुणे मोकळ्या हातानं चढत, वर येऊन एकेक गोटा उचलत, ढिगावर ठेवत, फोटो काढत. काही जण दोन-दोन ठेवत. थोड्याच दिवसांत ढीग छातीला लागला.

हेमराज खूश होता. फुफूचा ढीग पंचक्रोशीत असा नाही, असं तो पाहुण्यांना सांगायचा. त्यात खोटेपणा नव्हता. फुफूवर त्याची माया होती आणि ढीग मोठा झाला की ती लवकर उतरेल, असं तो खरंच धरून चालला होता.

दसरूनं पहिले काही दिवस नुसतं पाहिलं. मग एका सकाळी तो पाटी घेऊन वर गेला. ओळखायला कठीण नव्हतं. नाल्यातला गोटा काळसर, घासून गुळगुळीत झालेला. खदानीतला निळसर, धारेचा, हाताला कापणारा. त्यानं निळे वेचून काढायला घेतले. पाटी भरली की खिंडीच्या उतारावर पावसानं वाट खचली होती तिथं नेऊन टाकायचा, वर मुरूम ओढायचा, पायानं दाबायचा. फेकून दिले नाहीत. गोट्याचा काय गुन्हा? सकाळभर हे काम, संध्याकाळी फेरीच्या मागं चालणं. बोटं फुटली. त्यांवर त्यानं चिंध्या बांधल्या. दुखत असेल, पण त्याचं लक्ष नव्हतं. छातीला लागणारा ढीग कमरेला आला, मग गुडघ्याला.

दिव्यानं आधी चिंध्या पाहिल्या. मग तिला सगळं कळलं. जेवायला वाढून ती समोर बसली. लोक ढीग पाहायला येतात, ढीगच राहिला नाही तर कशाला येतील, आणि आपल्या अंगणात चहा कोण पिईल, असं तिनं विचारलं. तो जेवत राहिला. शेवटी ती म्हणाली, "आई गेली ते गेली, बा. तू कोणासाठी हात फोडून घेऊन राहिला?"

दसरूनं विचार केला. त्यानं भात मागितला.

हेमराजनं त्याला वरच गाठलं. सकाळची वेळ होती. दसरू ढिगाच्या बुडाशी उकिडवा बसला होता आणि पाटी अर्धी भरली होती. हेमराज म्हणाला, "काऊन करून राहिले हे, फुफाजी?"

"आणलेले नाईत हे."

"आणले नाईत तर आले कुठून? मीच तर ट्रॅक्टर लावला."

"तेच म्हणून राहिलो. ट्रॅक्टरनं आणले. ट्रॅक्टरची कोणती बायको मेली इथं?"

हेमराजला राग आला. त्यानं भरभर सांगितलं, की तो नसता तर ही वाट झाली नसती, फुफूचं नाव रायपूरपर्यंत गेलं नसतं, गावातले लोकही आता या बाजूनं येत नाहीत, ते नव्या रस्त्यानं जातात. पाहुणे नसतील तर इथं गोटा ठेवणार कोण? एकटा बुढा? आणि किती दिवस? हे सगळं खरं होतं. दसरूनं ते ऐकून घेतलं.

"नाव गेलं रायपूरले," तो म्हणाला. "थे उतरली का?"

"ते मले काय माहीत?"

"मलेबी नाई माहीत. म्हणून बरोबर करून राहिलो." त्यानं एक निळा गोटा पाटीत टाकला. मग मान वर केली. "तू ठेवला का एक तरी?"

हेमराज म्हणाला, मी तर रोज येतो.

"येते. रिकाम्या हातानं येते."

खरोखर हेमराजच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. मंगली गेली तेव्हा तो मुन्नारला होता. दिवसकार्याला येऊन पोचला, तो घाईत मोटारसायकलनं मागच्या वाटेनं वर आला, पाया पडला आणि परत गेला. वाट सुरू झाली तेव्हापासून पुढं चालायचं, मागं वळून बोलायचं, हातानं डोंगर दाखवायचे. गोटा कधी उचलणार? दुसऱ्यांना रीत सांगता सांगता ती आपल्यालाही लागू आहे, हे राहूनच गेलं. तो पाटीकडे पाहत राहिला आणि उतरून गेला. दसरूनं उरलेले गोटे काढले. ढीग पोटरीएवढा उरला. सगळे काळे.

त्या संध्याकाळी थोडेच पाहुणे होते. बालाघाटकडचं एक कुटुंब आणि नागपूरच्या दोन शिक्षिका. हेमराजनं फडी दाखवली, पाळ दाखवली, बंगल्याच्या भिंतीवरचा जुना शिलालेख वाचून दाखवला. नाल्याशी आल्यावर तो थांबला, रीत सांगितली, आणि म्हणाला, ज्याला न्यायचा त्यानं न्यावा, जबरदस्ती नाही. मग वाकून स्वतः एक उचलला. चांगला मोठा. दसरूला मागून दिसलं की गडी चुकला. पहिल्या खेपेला एवढा घेऊ नये. त्यानं आपला उचलला. शिक्षिकांनीही एकेक लहानसा घेतला.

चढावर हेमराजचं बोलणं तुटू लागलं. साजाच्या झाडापाशी तो रोज थांबून त्या झाडातल्या देवाबद्दल सांगायचा. आज नुसतं मानेनं दाखवलं. वळणावर बालाघाटच्या माणसानं विचारलं, त्या तिकडच्या डोंगराचं नाव काय? रोजची सवय. हेमराजनं गोटा खडकावर टेकवला आणि हात लांब करून डोंगर दाखवला.

हात तसाच राहिला. त्यानं वळून मागं पाहिलं. सगळ्यांच्या पलीकडे दसरू उभा होता. दसरूच्या तोंडावर काही नव्हतं, ना राग ना दया. हेमराज पाहुण्यांना म्हणाला, इथंच थांबा, फुफाजी आहेत. आणि तो उतारावरून नाल्याकडे निघाला.

पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. पुढं चालणारा गेला होता, आता मागच्याकडेच पाहायचं राहिलं. दसरू चालत पुढं आला. एका शिक्षिकेनं विचारलं, कशासाठी थांबलो आपण?

"गोटा येऊन राहिला," तो म्हणाला.

बालाघाटचा माणूस भला होता. बुढा पोटाशी ओझं धरून उभा आहे, हे त्याला पाहवलं नाही. लाओ चाचाजी, मैं पकड़ता हूँ, असं म्हणून त्यानं हात पुढं केले. दसरूनं मान हलवली. ज्याचा त्यानं, एवढं म्हणाला.

खाली टेकवता येत नव्हता. बसताही येत नव्हतं, कारण बसलं तर मांडीवर टेकतो. तो उभाच राहिला. झाडांतलं ऊन गेलं. नाल्यातून गोटे सरकल्याचा आवाज आला, मग थांबला, मग पुन्हा आला. पोरगा दुसरा निवडत असावा. दसरूचे दंड आधी ताठले, मग थरथरू लागले. फुटलेल्या बोटांत ठणका उठला आणि मनगटापर्यंत चढला. त्यानं हात बदलून पाहिला. दोन्हीकडे सारखंच. हात दुखत होते. खूप दुखत होते, आणि त्याला ते कळत होतं.

चपला घसरण्याचा आवाज वर वर आला. हेमराज वळणावर दिसला. गोटा लहान होता, पण दोन्ही हातांत धरलेला. शर्ट भिजलेला. तो न थांबता सगळ्यांच्या मधून पुढं गेला. पाहुणे त्याच्या मागं निघाले आणि दसरू शेवटी.

ढिगाशी हेमराजनं गोटा ठेवला. दम इतका लागला होता की त्याच्यानं काहीच सांगवेना. शिक्षिकांनी आपापले ठेवले. ढीग इतका बुटका कसा, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण त्यांनी ते विचारलं नाही. त्यातल्या एकीनं फक्त विचारलं, हे कोणाचं आहे?

हेमराजनं दसरूकडे पाहिलं.

दसरूनं वाकून आपला गोटा ठेवला, डगमगतो का ते हातानं पाहिलं, जरा फिरवून बसवला. "मंगली," तो म्हणाला. "माझी बायको होती."

मग तो बाजूला झाला, सगळ्यांना पुढं जाऊ दिलं आणि उतारावर डागडुजी केलेल्या जागी पाय जपून टाका म्हणून सांगितलं.